वंदना झोपून पुढे, झेंडा माझ्या हातात

माझी बायको झोपून सायकल चालवते.

हे वाक्य मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. पण ते शब्दशः खरं आहे. वंदना बोईसरला शाळेत शिकवते आणि तिला लांब पल्ल्याच्या सायकल स्पर्धांचं वेड आहे. मध्यंतरी तिच्या मानेचा मणका बिघडला. बरेच महिने गळ्यात पट्टा घालून ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या सायकली मोजत होती. डॉक्टर म्हणाले, "आता सायकल विसरा. वाकायचं नाही म्हणजे नाही." वंदना घरी आली आणि तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली,

"अहो, डॉक्टर वाकू नका म्हणाले. झोपू नका म्हणाले नाहीत."

आणि पुण्याच्या कुणा गृहस्थाने वापरलेली ती सायकल आमच्या सरावलीच्या घरी आली. आरामखुर्चीला दोन चाकं लावा, पुढचं चाक लहान पोराच्या सायकलचं घ्या आणि पेडल पार पुढे, नाकासमोर बसवा. झाली तयार! पाठ टेकून, पाय पुढे सोडून निघायचं. मानेला त्रास शून्य. उंची आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी. त्यामुळे ट्रकवाल्यांना ती दिसत नाही. म्हणून मागे एक उंच लवचीक काठी आणि तिला लाल त्रिकोणी झेंडा. (या झेंड्याने माझी नोकरी जवळजवळ घालवली. पण ते पुढे.)

पहिल्या दिवशी ती गल्लीतून निघाली तेव्हा शेजारचे काका धावत बाहेर आले. "अरे दिनेश, बाई पडली! उचला, उचला!" एकटी माझी आई खूश. "दिवसभर शाळेत उभी ऱ्हाते ती. जरा आडवी झाली तर तुमचं काय जातंय?"

स्पर्धा होती शिरगावच्या किल्ल्यापासून. शिरगाव, पालघर, मनोर, चारोटी, डहाणू, चिंचणी, बोईसर, पालघर आणि परत शिरगाव. अशा दोन फेऱ्या, संध्याकाळी सहाच्या आत. सहानंतर पोचलेला माणूस पोचलाच नाही असं धरतात. मागच्या वर्षी वंदनाने साध्या सायकलवर प्रयत्न केला होता आणि चारोटीला मान धरून खाली बसली होती. या वर्षी तिने एकच वाक्य म्हटलं होतं, "मला फक्त शेवटची रेघ बघायचीय." ते ज्या आवाजात म्हटलं, त्यावर विनोद करायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही.

माझं काम मदतनिसाचं. गाडी घेऊन पुढच्या थांब्यावर जायचं, पाणी द्यायचं, केळी सोलायची, उलटं बोलायचं नाही. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला यासाठी वेगळं प्रशिक्षण लागत नाही. मागच्या सीटवर आई. शिरगाव तिचं माहेर. "शर्यत तुमची, मी माज्या गावाला चाललेय," असं म्हणून ती चिकूची पिशवी घेऊन पहाटेच गाडीत बसली होती.

पहिली फेरी झकास झाली. दुपारच्या थांब्यावर वंदना पेज प्यायली, पाच मिनिटं डोळे मिटून पडली (सायकलवरच, ती सोय आहे) आणि दुसऱ्या फेरीला निघाली. आम्ही बोईसरला जाऊन थांबलो.

"दिन्या, ह्ये काय टोचतंय रे मला मागं?" आई म्हणाली.

"पट्टा असेल आई."

"पट्टा नाय. काठीवानी हाय."

"बघतो नंतर," मी म्हणालो, कारण तेवढ्यात फोन वाजला. वंदना!

"अहो, पंक्चर! पुढचं चाक. नवी ट्यूब तुमच्याकडे आहे ना? मी नाक्याच्या..."

आणि फोन बंद.

पुन्हा लावला. बंद. बॅटरी गेली होती, हे कळायला माणसाला अक्कल लागते. काळजीत अक्कल चालत नाही. माझ्या डोक्यात फक्त 'नाका' घुमत होता. आता बोईसर ते चिंचणी या पट्ट्यात नाके किती, हे मला विचारू नका. जिथे दोन रस्ते आणि एक चहाची टपरी, तो आमच्याकडे नाका!

मी गाडी चिंचणीच्या दिशेने सोडली. एकच हिशोब होता: लाल झेंडा दिसला की वंदना सापडली. झेंडा शोधत चिंचणीपर्यंत गेलो. झेंडा नाही. वळलो. पुन्हा तारापूरपर्यंत आलो. झेंडा नाही. मागून आई रामाचं नाव घेत होती आणि मधूनच "हळू! हळू!" म्हणत होती, त्यामुळे राम हळू येणार असं वाटायला लागलं.

एका टपरीपाशी थांबून पानवाल्याला विचारलं, "भैया, एक औरत देखी क्या? साइकिल पे. सोई हुई."

"सोई हुई?"

"मतलब लेटी हुई. ऐसी." मी ड्रायव्हरच्या सीटवर शक्य तेवढा आडवा झालो.

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "लेटी हुई औरत? हाँ साहब, अभी थोड़ी देर पहले. चार लोगों ने उठाके टेम्पो में डाला. बोईसर के सरकारी दवाखाने ले गए."

मी गाडी बोईसरकडे वळवली. आईने मागून विचारलं, "काय म्हनतो तो?" मी फक्त वेग वाढवला. रामाचं नावसुद्धा थांबलं. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी कुठले नवस केले ते सांगत नाही, कारण काही अजून फेडायचे आहेत.

दवाखान्यात शिरलो तो ओरडतच. "सायकलवाली बाई कुठाय? टेम्पोतून आणलेली?" नर्सबाईंनी नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई डोक्यावरून चादर घेऊन निपचित पडलेली. मी जाऊन गुडघ्यांवर बसलो आणि चादरीतून बाहेर आलेला हात दोन्ही हातांत धरला.

"वंदना, आता कधीच अडवणार नाही तुला! चालव सायकल, झोपून चालव, उलटी चालव! पण डोळे उघड!"

आईने मागून जो हंबरडा फोडला, त्याने वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले. चादरीखालचा पेशंटसुद्धा उठून बसला. ती वंदना नव्हती.

"ओ भाऊ!" मागून आवाज आला. हातात चहाचे दोन कप घेतलेला एक माणूस उभा होता. "हात सोडा! माजी बायको हाय ती!"

बेटेगावची बाई होती. एका लग्नाला चिंचणीला आली होती, उन्हात चक्कर आली म्हणून टेम्पोतून आणली होती. दुसरं काही नव्हतं. मी हात सोडला. माफी मागताना तोंडातून निघालं, "मला वाटलं माझीच बायको." यावर तो माणूस जास्तच भडकला.

शेवटी आईने त्याला सगळं समजावलं. चिकू दिले. सून झोपून सायकल चालवते आणि आता कुठे दिसत नाही, हेही सांगितलं. त्याचा काही विश्वास बसला नाही. रिकामे कप फेकायला तो बाहेर गेला आणि लगेच तसाच धावत आत आला.

"ओ भाऊ! तुमची बाय पिवळं हेल्मेट घालते काय?"

"हो!"

"चालली की ती! रस्त्यावरनं! झोपून!"

मी पळत फाटकाबाहेर आलो. पिवळं हेल्मेट रिक्षांच्या गर्दीत शिरताना दिसलं, तेवढंच. जिवंत होती! चालवत होती! मी आईला गाडीत कोंबलं आणि निघालो.

आणि शंभर पावलांवर अडकलो. कंपन्या सुटायची वेळ. एमआयडीसीतून निघालेल्या बस, टँकर, सहा आसनी रिक्षा, मोटारसायकली, सगळे एकमेकांत गुंतलेले. गाडी एक इंच हलेना. सहा वाजायला तासभरही उरला नव्हता. मी दार उघडून, पायरीवर उभा राहून बघितलं. पुढे, दोन टँकरच्या मधल्या फटीतून ते पिवळं हेल्मेट सरकत चाललं होतं. टँकरच्या चाकापेक्षा खाली. पण झेंडा कुठाय?

झेंडा नव्हता! झेंडा नसताना ती त्या टँकरवाल्याला काय दिसणार?

"आई, तिचा झेंडा पडला कुठंतरी!"

"पडला कशाला?" आई मागून म्हणाली. "हा काय. मघापास्नं ह्योच टोचतोय मला."

मग मला आठवलं. दुपारी सायकल सावलीत घेताना झेंडा फांदीला अडकत होता, म्हणून मीच काढला होता. वाकवून गाडीत कोंबला होता. परत लावायचा राहिला. ज्या झेंड्यासाठी मी तासभर रस्ता धुंडाळत होतो, तो आईच्या पाठीशी होता!

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. झेंडा घेतला आणि गाडीतून उडी मारून पळत सुटलो.

आता हे दृश्य तुम्ही त्या रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेने बघा. कंपन्या सुटलेल्या. लोक दमून, वैतागून बसमध्ये बसलेले. आणि मधून एक घामाघूम माणूस, हातात उंच लाल झेंडा, ओरडत पळतोय, "आगे जाने दो! रास्ता दो! आगे जाने दो!"

"क्या हुआ भाई?" एका बसमधून कुणीतरी विचारलं. "कौन सी कंपनी?"

मी पळता पळता माझ्या कंपनीचं नाव सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. विचारलं म्हणून सांगितलं.

मागे पावलं वाजायला लागली. मला वाटलं, लोक मदतीला येतायत. बोईसरची माणसं दिलदार. मग मागून आवाज आला, "आगे जाने दो!" आणि दहा-वीस गळ्यांनी त्याला साथ दिली. त्यानंतर कुणीतरी म्हणालं, "ओव्हरटाइम देना होगा!" तेव्हा मला जरा शंका आली. पण थांबायला वेळ कुणाला होता?

चौकात पोलिसाने हात आडवा केला. "ओ, परवानगी आहे का?"

"कसली?"

"मोर्चाची."

"मोर्चा नाही साहेब! माझी बायको पुढे गेलीय!"

तो शांतपणे म्हणाला, "जरा मागे वळून बघा."

मी बघितलं. माझ्यामागे सगळा रस्ता माणसांनी भरला होता. सगळ्यांच्या मुठी वर.

"हे एवढे सगळे तुमच्या बायकोच्या मागे चाललेत?"

तेवढ्यात शेजारच्या गाडीची काच खाली झाली आणि आतून आमच्या कंपनीचे मॅनेजर साहेब डोकावले. आधी झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राऊत? तुम्ही?"

"साहेब, सगळं नंतर सांगतो!" मी म्हणालो. (मोर्च्याचा पुढारी व्यवस्थापनाशी रस्त्यात बोलत नाही, असा त्याचा अर्थ झाला. मागे टाळ्या पडल्या!)

मला बरगडीखाली कळ आली होती. एक पाऊल टाकवेना. इतक्यात एक मोटारसायकल फुटपाथवरून शेजारी येऊन थांबली. "नेताजी, बैठिए! कहाँ चलना है?" हे दुबेजी, ओळख तिथल्या तिथेच झाली. पाळी संपवून घरी चालले होते. मी मागे बसलो आणि म्हणालो, "पालघर रोड. जल्दी." पोलिसाने शिट्टी मारेपर्यंत आम्ही गल्लीत वळलोही.

उमरोळीच्या पुढे वंदना दिसली. रस्ता अरुंद, ऊन तिरपं, ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणारं. ती डाव्या कडेने सपासप पाय मारत चालली होती आणि आमच्यापुढे, बरोब्बर तिच्या मागे, एक टँकर वेग घेत होता. तो पुढची एसटी डावीकडूनच ओलांडायच्या नादात कडेला दाबत होता. ती त्याला दिसतच नव्हती.

"दुबेजी, टँकर के आगे लो!"

"नेताजी, टँकर के?"

"मेरी बीवी है उधर!"

दुबेजींनी पुढे एक शब्द विचारला नाही. गाडी टँकरच्या डाव्या अंगाने, कडेच्या मातीतून घातली. मी फूटरेस्टवर अर्धवट उभा राहून झेंडा टँकरच्या काचेसमोर नाचवला. ओरडत होतो, पण काय ते आठवत नाही. करकचून ब्रेक लागला. धूळ उडाली. टँकर उजवीकडे झुकला, भोंगा वाजवत निघून गेला. वंदनाने आरशात बघितलं.

"अहो! तुम्ही? आणि हा झेंडा काय घेतलाय?"

"तुझाच आहे! थांब, लावतो!"

"थांबायला वेळ नाही!" ती म्हणाली आणि पाय मारतच राहिली.

मग आम्ही तिच्या मागेच राहिलो. मी काठी धरून, दुबेजी सायकलच्या वेगाने मोटारसायकल चालवत. मागून येणारी प्रत्येक गाडी झेंडा बघून लांबून जात होती. थोड्या वेळाने दुबेजींनी हळूच विचारलं, "साइकिल वाली मैडम भी यूनियन में हैं?"

"अध्यक्ष हैं," मी म्हणालो. "बीस साल से."

पालघर आलं तेव्हा वंदना पुन्हा ओरडली. "अहो, आई कुठायत?"

आई!

आईला मी रस्त्याच्या मधोमध, चालू गाडीत सोडून आलो होतो. झेंडा काखेत धरून मी फोन लावत राहिलो. लागला तेव्हा पलीकडून आवाज आला.

"दिन्या, तू हायस का मेलास?"

"आई, मी येतो परत, तू घाबरू नको!"

"मी कशाला घाबरू? तुज्या मोर्च्यातली चार पोरं हायत इथं. एकाला गाडी चालवता येते. आमी निगालो. तू तिच्या मागं ऱ्हा, झेंडा खाली करू नको." आणि मग म्हणाली, "पोरं विचारतात, उद्या बंद हाय काय?"

शिरगावच्या वाटेवर चिकूच्या वाड्या सुरू झाल्या. ऊन पार खाली गेलं होतं. वंदनाचा श्वास मला मागून ऐकू येत होता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. फक्त तिच्या पायांकडे बघत होतो. समोर किल्ल्याची भिंत दिसली, माणसं दिसली, कुणीतरी हात हलवत ओरडत होतं, आणि ती रस्त्यावर मारलेल्या चुन्याच्या रेघेवरून आडवीच्या आडवी निघून गेली. आयोजक म्हणाले, वेळेत! थोडक्यात, पण वेळेत!

ती लगेच उठली नाही. पडून आभाळाकडे बघत राहिली. मी जवळ गेलो तर तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि खूप वेळ सोडली नाही. मान दुखतेय का विचारलं, तर नुसती मान हलवली. म्हणजे दुखत नव्हती! मग म्हणाली,

"पंक्चर मीच काढलं. ठिगळ होतं माझ्याकडे. झाडाखाली बसून काढत होते, तर तुम्ही दोनदा माझ्या समोरून गेलात. मी हाका मारत होते."

"मी झेंडा बघत होतो."

"बायको बघायची होती," ती म्हणाली.

तेवढ्यात आमची गाडी आली. पुढे आई, मागे तीन कामगार, चौथा चालवत. सगळ्यांच्या हातात चिकू. आयोजकांच्या जेवणाला ते पाचही जण बसले आणि दुबेजींनी सगळ्यांना वाढलं. वंदनाच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा सगळ्यात मोठी घोषणा त्या चौघांनी दिली. काय दिली ते इथे लिहीत नाही, प्रकरण अजून ताजं आहे.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. पाणी दिलं. इतक्या आदराने त्यांनी मला कधीच बसवलं नव्हतं.

"राऊत, कामगार तुमच्या मागे आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोला, मागण्या काय आहेत?"

मी सगळी हकीगत सांगितली. झेंडा, आई, चादरीतली बाई, सगळी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी धीर करून म्हणालो, "साहेब, तरी एक मागणी आहेच. पुढच्या महिन्यात वंदना याहून मोठ्या स्पर्धेला चाललीय. त्या दिवशी कसंही करून मला ड्यूटी लावा!"

साहेब हसायला लागले. त्यांची मुलगी वंदनाच्या वर्गात आहे, हे मी विसरलो होतो.

"ती मागणी मंजूर झालीय, राऊत. मॅडमनी सकाळीच फोन करून लावून घेतली तुमची ड्यूटी. गाडीवर दुबेजी जाणार आहेत."